रिलेच्या दिवशी दारात

बाबा, परवा मायला घेऊन गावाला जाऊन आले. आपल्या समाजमंदिरात मुलींची रिले पाहायला. येताना बडनेरा मागे पडल्यावर गाडीत माय एक गोष्ट बोलली आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. शाळेच्या मैदानावर पोरी रांगेत वाकून उभ्या राहतात, आणि मी शिट्टी तोंडात धरून नुसती उभी असते. वाजवायची राहून जाते. तुम्हाला जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं कधी वाटलं नव्हतं, कारण त्या दिवसाचं मला सगळं माहीत आहे असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं.

आधी पहिल्यापासून सांगते. तुम्ही लाईनमन होतात. अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपलं गाव आणि आजूबाजूची चार गावं तुमच्याकडे. लाईन गेली की लोक घड्याळाकडे बघायच्या आधी आपल्या दाराकडे बघायचे. सायकलच्या दांडीला अडकवलेली पिशवी, तिच्यात फ्यूजच्या तारा, पक्कड, रबरी हातमोजे, आणि खांद्यावर टाकलेला, खांबावर चढायचा कातडी पट्टा, अशी तुमची मूर्ती माझ्या डोळ्यांपुढे येते. चेहरा नंतर येतो. शेताकडच्या रस्त्यावर तुम्ही मला पळायला शिकवलंत. दोन खांबांमध्ये साधारण पन्नास मीटर, असा तुमचा हिशेब. आठ खांब झाले की चारशे. सकाळी साडेपाचला तुम्ही पहिल्या खांबाशी उभे राहायचात आणि मी तिकडून परत यायची ती धापा टाकत. एकदा मागून बैलगाडी आली म्हणून मी पळता पळता मान वळवली, तर तुम्ही इतके चिडलात की मला रडू आलं. "मागं पाह्यलं की एक पाऊल गेलं," म्हणालात. "गाडीवाला तुले पाहून घेईन. तू पुढं पाह्य." त्या दिवशी मला परत आठ खांब पळावं लागलं.

मायला हे पळणं आवडत नव्हतं. मी चौदाची झाले होते. तुम्ही अमरावतीहून कॅनव्हासचे पांढरे बूट आणले, त्या संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापत होती. तुम्ही बूट माझ्या पायात घातले, लेस बांधली, आणि सांगितलं की जिल्ह्याच्या स्पर्धेला मी हाफ पँट घालून पळणार आहे, सगळ्याच मुली घालतात. मायने तव्यावरची भाकरी उलटलीच नाही. ती जळाल्याचा वास आला तरी तिने हात लावला नाही. मग शांतपणे म्हणाली की लोक काय पाहतील ते तुम्हाला दिसत नाही, मला दिसते. जळकी भाकरी तुम्हीच खाल्लीत. दुसऱ्या दिवशी बूट माळ्यावर गेले आणि मी पुन्हा अनवाणी पळू लागले.

आशियातल्या सगळ्या देशांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि तुम्हाला मायचं मन वळवायची युक्ती सुचली, असं मला आता वाटतं. तेव्हा कळलं नव्हतं. रंगीत आणि नीट दिसणारा टीव्ही गावात एकच होता, आपल्या समाजमंदिरातला. आपल्या वस्तीचे लोक तिथं जमायचेच. पण नाल्यापलीकडे फुलांची आणि भाजीची शेती करणारी घरं होती, त्यांचं आपल्याकडे येणं म्हणजे लग्नाची पत्रिका द्यायला, दारातूनच. तुम्ही त्यांच्याकडे घरोघर गेलात. झेंडू-शेवंती लावणारे काका तुमच्या वयाचे, त्यांच्या मोटरचा फ्यूज तुम्ही अनेकदा बांधून दिला होता. त्यांना तुम्ही सांगितलंत की शुक्रवारी चार वाजता आपल्या देशाच्या चार पोरी पळणार आहेत, पाहायला या, घरच्या बायांना घेऊन या. काका म्हणाले होते की क्रिकेट असतं तर गोष्ट वेगळी होती. तुम्ही म्हणालात, एकदा पाहा, नाही आवडलं तर उठून जा.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास लाईन गेली. कापसाने वरपर्यंत भरलेली गाडी शेताच्या रस्त्याने चालली होती, तिचा माथा तारेला लागला आणि तार तुटली. कोणाला काही झालं नाही. तुम्ही जेवायला बसला होतात. अर्धं ताट तसंच ठेवून उठलात. माय म्हणाली, जेवून घ्या, काय एवढं जळून राहिलं. तुम्ही म्हणालात, "चार वाजता लोक येतीन. मी लाईन देतो अन् येतो." तिथं शिडी होती, चढायच्या पट्ट्याचं काम नव्हतं, म्हणून पट्टा घरात खिळ्यालाच लटकत राहिला. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तो खिळा मी त्या दिवशी तीनदा पाहिला, पट्टा तिथंच होता.

दोन वाजता लाईन आली. समाजमंदिरातला पंखा आपोआप फिरू लागला तेव्हा आतल्या पोरांनी एवढा गलका केला की झाडावरचे बगळे उडाले. साडेतीनपर्यंत हॉल भरला. फुलांचे काका खरंच आले, त्यांच्या दोन सुना डोक्यावर पदर घेऊन आल्या, त्यांच्यामागून आणखी आठ-दहा बाया. आपल्या वस्तीच्या बायांनी सरकून त्यांना सतरंजीवर जागा दिली. आधी कोणी कोणाशी बोलेना. मग पडद्यावर उंच उडीवाली बाई आली, तिने आडव्या काठीला स्पर्श न करता अंग पलीकडे टाकलं, आणि कोणीतरी "माय वं" म्हटलं. ते कोणत्या बाजूने आलं ते कळलं नाही, पण दोन्हीकडच्या बाया हसल्या. माय माझ्यापुढे दोन ओळी सोडून बसली होती, तोंड गंभीर. तुम्ही आला नव्हतात. काका दाराशी खांबाला टेकून बसले होते, कारण आत जागा उरली नव्हती.

रिले सुरू झाली. पहिली मुलगी पाचव्या नंबरला राहिली. दुसरीने एकीला गाठलं. तेव्हापर्यंत हॉलमध्ये कुजबुज होती. तिसरी पळू लागली तेव्हा ती बंद झाली. बाबा, ती शांतता मी त्यानंतर पुष्कळदा अनुभवली आहे, तरी अजून तिची भीती वाटते. साठ-सत्तर माणसं, आणि एकाच छातीतून श्वास चालल्यासारखा. आपल्या वस्तीचा की नाल्यापलीकडचा, असा तो वेगळा श्वास नव्हता. आत घेतला तर सगळ्यांनी घेतला, धरून ठेवला तर सगळ्यांनी धरला. पंख्याचा आवाजसुद्धा येईना. मला वाटलं, आता इथं कोणी मेलं तरी कळणार नाही. हे वाक्य माझ्या मनात तेव्हाच आलं, नंतर नाही. चौदा वर्षांच्या पोरीच्या मनात ते का यावं, मला सांगता येत नाही.

तेवढ्यात दारातला उजेड कमी झाला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तुम्ही उभे होतात. खाकी शर्ट, एक हात चौकटीवर, खांद्यावर पट्टा. मागून ऊन येत होतं म्हणून चेहरा काळा दिसला. मला वाटलं, आले एकदाचे. मान पुरती वळवून तुमच्याकडे पाहायचं मनात आलं होतं, पण तिकडे तिसरी मुलगी चौथीच्या हातात रिलेची काठी देत होती, आणि तुम्हीच शिकवलं होतं की मान वळवायची नाही. मी पडद्याकडे पाहिलं. आपली शेवटची मुलगी चौथ्या नंबरवर होती. वळणावर तिने एकीला मागे टाकलं, सरळ रस्त्यावर दुसरीला, आणि रेषेच्या दोन पावलं आधी तिसरीला. हॉल उठून उभा राहिला. आणि बाबा, सर्वांत आधी उठली ती माय. पदर खांद्यावरून घसरला होता, दोन्ही हात वर, काय ओरडत होती ते तिलाही माहीत नसेल. काकांची मोठी सून तिच्या गळ्यात पडली. मी दाराकडे पाहिलं तेव्हा तिथं ऊन होतं.

तुम्ही सापडलात पाच वाजता. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीजवळच्या बाभळीखाली, खोडाला पाठ लावून, गावाकडे तोंड करून बसलेले. सायकल शेजारी नीट स्टँडवर लावलेली. काकाच तुम्हाला शोधायला गेले होते. तुम्ही घरी जेवायला आला नाहीत असं माय म्हणाली तेव्हा ते हसले होते, म्हणाले होते, अहो, मघाशी तर इथं होते. भातकुलीहून डॉक्टर आले. त्यांनी हात पाहिले, मान पाहिली, आणि सांगितलं की छातीत कळ येऊन गेले, आणि जाऊन तीन तास तरी झाले असतील. म्हणजे लाईन दिली आणि खाली बसलात. गावातून पोरांचा तो पहिला गलका तुमच्या कानावर गेला असेल, एवढंच मी धरून चालते. काका डॉक्टरांना म्हणाले की हे शक्य नाही. "चार वाजता माह्यासंग बोलले ते. मी म्हटलं आत या, जागा करतो. तं म्हणे, नाही, अठूनच बरं दिसते." मग काकांनी मला विचारलं, तू पाह्यलं काय व तुया बापाले? मी हो म्हटलं. कसे दिसले, म्हणाले. मी म्हटलं, खांद्यावर पट्टा होता. "होता," काका म्हणाले. "पट्टा होता." मी घरात पळत गेले. पट्टा खिळ्याला होता, आणि त्याच्यावर सकाळपासूनची धूळ तशीच होती.

दुसऱ्या दिवशी बाजाराला जायची सगळी फुलं नाल्यापलीकडच्या लोकांनी तुमच्यावर घातली. तुम्हाला खांदा द्यायला दोन्ही बाजूंचे लोक होते, आणि वाटेत खांदे बदलताना कोणी कोणाला विचारलं नाही. तेराव्या दिवशी काकांची सून आपल्या घरी आली आणि मायला म्हणाली की माझ्या पोरीलाही तुमच्या पोरीसोबत पळू द्या. माय उठली, शिडी लावली आणि माळ्यावरून बूट काढून माझ्यापुढे ठेवले. त्यानंतर तिने मला कधीही अडवलं नाही. मी जिल्ह्यात पळाले, विभागात पळाले, फार मोठी झाले नाही. अकोल्याला शाळेत खेळाची बाई झाले. माय माझ्याकडे आली. तुमची युक्ती लागू पडली, एवढं तुम्हाला कळावं.

पण मायचं एक सुरू झालं. जगात कुठेही मोठ्या स्पर्धा लागल्या की ती मला विचारायची, त्या दिवशी ते कसे दिसत होते. तिने तुम्हाला पाहिलं नव्हतं असं मी समजत होते. तिची पाठ दाराकडे होती असं मला पक्कं आठवत होतं. म्हणून मला तिची कीव यायची. मी सांगायची. पहिल्या वर्षी पट्ट्याचं आणि चौकटीवरच्या हाताचं सांगितलं. पुढच्या वेळी म्हटलं की तुम्ही पडद्याकडे पाहत होतात. मग कधीतरी म्हटलं की तुम्ही हसत होतात. खोटं होतं ते, मी चेहरा पाहिलाच नव्हता. पण एकदा सांगितल्यावर दरवेळी सांगावं लागलं, आणि हळूहळू मलाही ते हसू दिसू लागलं. माय ऐकून घ्यायची. मान हलवायची. कधी म्हणायची नाही की बरं वाटलं.

गावातसुद्धा एक गोष्ट सुरू झाली. समाजमंदिरात तेव्हापासून सगळे एकत्र स्पर्धा पाहतात, हॉकी असो, कुस्ती असो, धावणं असो. आता मोठा पडदा लावला आहे. पण शेवटचा क्षण आला, शेवटची उडी, शेवटचा फेरा, की त्या दिवशी तिथं असलेली माणसं पडद्यावरची नजर काढून एकदा दाराकडे पाहतात. ठरवून नाही. एकमेकांना कधी बोलूनही दाखवलं नाही. आणि परवा मी पाहिलं, आता ज्यांचं लहानपण त्या हॉलमध्ये गेलं ती सगळीच माणसं वळतात. पन्नास-साठ माना एकदम दाराकडे, एक क्षण, आणि परत पडद्याकडे. दारात कोणी नसतं. काकांची पणती माझ्या शेजारी बसली होती, ती आता चारशे मीटर पळते, तिचे पाय माझ्यापेक्षा चांगले आहेत. तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मॅडम, अठी सगळे दाराकडं काहून पाह्यतात?" मी म्हटलं, तू का पाहिलंस? ती जराशी गोंधळली. म्हणाली, "मले वाटलं कोणी तरी आलं."

परवा आपल्या मुली तिसऱ्या आल्या. हॉलमध्ये नाचले लोक. काका आता फार थकले आहेत, खुर्चीत बसवून आणलं होतं; त्यांनी मायला नमस्कार केला, मायने त्यांना केला. ऊन उतरायच्या आत आम्ही निघालो. मी गाडी चालवत होते. बडनेरा मागे पडलं. मायने खिडकीबाहेर पाहत नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी नेहमीचं उत्तर दिलं. हसत होते, म्हटलं.

"नव्हते हसत," माय म्हणाली.

मी गाडी हळू केली. ती बाहेरच पाहत होती.

"मी पाह्यलं होतं. तू पाह्यलं त्याच्या आधी. मी बायांमधून वळून पाह्यलं तं दारात उभे. त्याईनं हात केला मले. बाहेर ये म्हणून."

मी विचारलं, मग?

"मंग काय. तिसरी पोट्टी चवथीले काठी देऊन राहिली होती. मी म्हटलं, एवढं होऊ दे, मंग जातो."

मूर्तिजापूर आलं. मग मी तिला डॉक्टरांचं सांगितलं, जणू तिला ते ठाऊकच नव्हतं. सांगितलं की तेव्हा तुम्ही दोन तास आधीच गेलेले होतात, ती उठली असती तरी दारात तिला कोणी भेटलं नसतं. माय म्हणाली की डॉक्टरने शरीर पाहिलं, आणि तिने तुम्हाला पाहिलं. इतकी वर्षं ती मला विचारत होती ते एवढ्याचसाठी, की मला तुमचा तो दुसरा हात दिसला का. मला दिसला असता तर मी कधीतरी बोलले असते, आणि मग तिला कळलं असतं की तो बोलावण्याचा होता की नुसता उंचावलेला. मी दरवेळी हसण्याचं सांगत राहिले. तिला काहीच मिळालं नाही. घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, भाजी निवडली, आणि मला म्हणाली की आता विचारणार नाही.

मी दोन दिवस हेच धरून बसले आहे की तुम्हाला काय हवं होतं. पाणी हवं होतं, की तिला शेवटचं पाहायचं होतं, की ती उठून येते का हे पाहायचं होतं. किंवा हात नुसता आनंदाने वर गेला असेल, चौथी मुलगी पळायला लागली म्हणून, आणि माय समजली की बोलावलं. मला यातलं काही ठरवता येत नाही. मायचा राग यावा असं मनात येऊन पाहिलं, पण राग आला नाही. जी बाई माझे बूट माळ्यावर टाकत होती, ती एका अनोळखी पोरीची धाव सोडून नवऱ्याच्या हाकेला उठली नाही. तुम्ही घरोघर फिरून जे मागत होतात, ते तिने तुम्हाला तिथंच दिलं, दारात उभे असताना. ते तुम्ही पाहिलंत की नाही, एवढं जरी कळलं असतं.

हे पत्र मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं आहे, पानं फाडून कुठे ठेवावीत ते अजून ठरलेलं नाही. मायच्या हाती लागू नयेत. आणि एक गोष्ट तिला मी सांगितली नाही, तिला सांगणारही नाही. तुम्ही मला हात केला असता तर मीही आले नसते. आज डोळे मिटले की त्या चौथ्या मुलीचं वळण दिसतं, तिची वेणी, तिच्या पाठीवरचा नंबर, रेषेवर तिने पुढे टाकलेली छाती, सगळं स्वच्छ. तुमचा चेहरा आठवायला मला फोटो बघावा लागतो.